डोळ्यातले घड

पिंपळगाव बसवंत
१४ सप्टेंबर

प्रिय साक्षी,

फोन करून उपयोग नाही. तुझ्या पाड्यावर टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि इथे मी फोन कानाला लावला की आईला नेमकं माझ्या खोलीतच काहीतरी शोधायचं असतं. म्हणून पत्र. आमच्या पॅकहाउसचा टेम्पो वणीपर्यंत नेईल, तिथून पुंजाभाऊंची जीप तुझ्या आश्रमशाळेवर.

काल परत तेच स्वप्न पडलं गं. मी आमच्या बागेतून चालतेय, पण सगळी बाग करडी. पानं करडी, माती करडी, आणि मांडवाला लटकलेले घड काळे, आतून पोकळ. हात लावला की मणी विझतात. मला भीती वाटत नाही, नुसतं हळूहळू चालत राहावंसं वाटतं. जाग आली की मात्र रडू येतं.

ती बाग कुठून आली ते मला माहीत आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावरून. मागच्या आठवड्यात डाळिंबं निवडताना पोटात अशी कळ आली की मी क्रेटवरच बसले. आईने तपासायला नेलं. रिपोर्टमध्ये आलं की दोन्ही बीजकोश पॉलिसिस्टिक. कागद देणारी मुलगी आईला म्हणाली, "पीसीओएस आहे काकू, मूल व्हायला त्रास होतो यात." आईने कागद पुढे न वाचताच दुमडून पिशवीत टाकला.

आणि नेमके त्याच दिवशी अण्णा काड्या तपासून आले. तुला ते माहीत नसणार, तू पडलीस नाशिकरोडची. छाटणीच्या आधी आमच्याकडे वेलीच्या काड्या तपासायला नेतात. काडीवरचा डोळा ब्लेडने चिरून मायक्रोस्कोपखाली धरतात. पुढच्या हंगामाचा घड त्या डोळ्यात आधीच बसलेला असतो, टाचणीच्या टोकाएवढा. लहानपणी मी एकदा पाहिला होता. अख्खा घड, झोपलेला! कितीतरी दिवस मी बागेतून पाय न वाजवता चालायचे, तो जागा होईल म्हणून.

अण्णा दारातूनच म्हणाले, "वरच्या बागेत डोळे रिकामे हायेत. वांझ फुटी लय निघतील यंदा." आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दसऱ्याला घोटीहून अमोलच्या घरचे तारीख धरायला येणार आहेत. साक्षी, मला अमोलशीच लग्न करायचंय. तो भाताबद्दल बोलताना हाताने शेत दाखवतो, फोनवरसुद्धा, ते मला ऐकू येतं. पण रिकामी काडी त्याच्या अंगणात नेऊन लावायची का? त्याला फसवायचं नाही मला. त्या दिवशी मीच नाही म्हणून सांगणार आहे. तूच सांग, बरोबर आहे ना?

तुझी
वैशू


सुरगाणा
१८ सप्टेंबर

वैशे,

पत्राचा कोपरा ओला होता. जीपमध्ये पाणी गळलं असं मी समजते, तूही तसंच समज.

या आजाराबद्दल मला जरा माहिती आहे. कुठून, ते सोड. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल तुला. हनुवटीवर राठ केस येत असतील आणि तू ते लपवत असशील. गालावर पुळ्या, मानेवर काळसर पट्टा, डोक्यावरचे केस गळत असतील. आजपासून साखर बंद, मैदा बंद, भात बंद. रोज भरभर चालायचं. डॉक्टरकडे गेलीस तर "वजन कमी करा" म्हणतील आणि पुढच्या पेशंटला हाक मारतील, तेव्हा फार आशा ठेवू नकोस.

आणि अमोलचं. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. मूल होईल की नाही, कोणी हमी देत नाही. पुढे कधीतरी त्याचं तोंड उतरलेलं बघण्यापेक्षा आपणच आधी बाजूला व्हावं. आपल्यासारख्या मुलींनी तरी. थोडे दिवस दुखतं, मग धुक्यासारखं होतं सगळं. इथे सकाळी वर्गात धुकं शिरतं, मुली हजेरीला "हजर" म्हणतात आणि मला नुसते आवाज दिसतात, चेहरे नाही. तसं होतं. जगता येतं.

माझ्यावर चिडू नकोस.

साक्षी


पिंपळगाव बसवंत
२३ सप्टेंबर

प्रिय साक्षी,

चिडेन कशाला? खरं सांगणारी तू एकटीच आहेस. आई नुसती नवस बोलतेय.

साखर बंद केली. भातही बंद केला, आणि हसू नकोस, पण अमोलच्या घरची भाताची गिरणी आहे! काल त्याचा फोन आला, "तुझ्यासाठी यंदाचा इंद्रायणी वेगळा काढून ठेवायला सांगितलाय, घरात शिरलीस की पहिला वास त्याचाच येईल." मी ज्वारीची भाकरी हातात धरून हं हं करत होते. तो घोटीत नवीन घर बांधतोय ना, म्हणाला की एक खोली पूर्वेला काढलीय, तिथे पाळणा बसेल. मी फोन ठेवला आणि परसात जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

तू लिहिलेलं एकेक ताडून पाहिलं. पाळी माझी काही चुकत नाही गं, आपली ती महिन्याच्या महिन्याला हजर, होस्टेलमध्ये तू चिडवायचीस तशीच. हनुवटीवर काही नाही. पुळ्या नाहीत. मान आरशात वाकडी करकरून पाहिली, नेहमीसारखीच आहे. म्हणजे माझं सगळं आतल्या आत असणार. वर काही दिसत नाही म्हणजे जास्तच वाईट असेल, नाही का? वरच्या बागेतल्या काड्यासुद्धा बाहेरून किती तजेलदार आहेत.

ठरलं माझं. दसऱ्याला सांगणार. स्वप्नात आता घडसुद्धा नसतात, नुसता मांडव आणि करडा उजेड.

तुझी
वैशू


सुरगाणा
२७ सप्टेंबर

वैशे, थांब!

काही सांगू नकोस अमोलला. एक शब्द नाही. मी मूर्ख आहे, गाढव आहे, मुलींना "प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा" असं शिकवते आणि स्वतः तुझं पत्र न वाचता उत्तर लिहिलं.

तुझी पाळी वेळेवर येते हे वाचून माझ्या हातातला खडूच पडला. दोन संध्याकाळ टेकडी चढले. तुझा फोन तुझ्या आईने उचलला, म्हणाल्या वैशू बागेत आहे. त्यांना काय सांगणार मी? मग नाशिकच्या एका डॉक्टरबाईंना लावला. माझ्या ओळखीच्या आहेत. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

पॉलिसिस्टिक बीजकोश ही एक गोष्ट आणि पीसीओएस हा आजार ही दुसरी. पहिलं म्हणजे नुसतं दिसणं. बीजकोशात बीजांच्या बारीक पिशव्या सगळ्याच बायकांच्या असतात, काहींच्या जास्त दिसतात. त्या गाठी नव्हेत, नाव उगाच तसं पडलंय. चार-पाच तरुण मुलींत एकीच्या सोनोग्राफीत असं दिसतं आणि त्यातल्या कितीतरी जणींना काहीही झालेलं नसतं. आजार म्हणायचा तर तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळी अनियमित असणं, ही एक. पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, अंगावर किंवा रक्तात, ही दुसरी. आणि तिसरी ती सोनोग्राफी. शिवाय थायरॉइड वगैरे दुसरं काही नाही ना, तेही बघतात. तुझ्याकडे एकच आहे, तिसरी.

आणि ते काडीचं डोक्यातून काढ. काडीचा डोळा चिरून बघतात आणि म्हणतात घड नाही. तुझं कोणी काही चिरलेलं नाही, नुसता फोटो काढलाय. आणि फोटोत रिकामं नव्हतंच गं काही, उलट दाटी होती!

शनिवारी चार तारखेला मी नाशिकला येतेय. यंदा दसऱ्याला विहारातला कार्यक्रम हुकणार, वसतिगृहाची ड्युटी माझ्याकडे आहे, पण शनिवारी सुटते. डॉक्टरबाईंची वेळ घेतलीय. ये. तोवर तोंड बंद. आणि आजच्या आज भात खा.

साक्षी


पिंपळगाव बसवंत
३ ऑक्टोबर

प्रिय साक्षी,

पुंजाभाऊंच्या जीपचा पाटा तुटला होता म्हणे. तुझं पत्र काल दिवेलागणीला आलं, आणि घोटीची गाडी तेव्हा नुकती वळणावरून गेली होती.

सांगितलं मी.

आपट्याची पानं द्यायच्या निमित्ताने अमोलला वरच्या बागेत नेलं. मांडवाखाली ऊन चाळणीतून पडल्यासारखं पडलं होतं, सगळं इतकं शांत की मला वाटलं हेही स्वप्नच आहे आणि त्यात काहीही बोललं तरी चालतं. मी बोलले. तो पानं हातात धरून उभा. पानं खिशात घातली, परत काढली. मग म्हणाला, "बघतो." एवढंच. आणि गेला. तारीख धरलीच नाही, त्याच्या आईला काय कारण सांगितलं तोच जाणे. आई कालपासून जेवली नाही. अण्णा सकाळपासून कात्रीला धार लावतायत, लावलेलीच.

"बघतो" म्हणजे काय गं? आमच्याकडे व्यापारी माल बघून "बघतो" म्हणाला की परत येत नाही.

उद्या येते मी. आता कशाला, कळत नाही, पण येते.

वैशू


पिंपळगाव बसवंत
९ ऑक्टोबर

साक्षे,

मुतखडा! अजून हसू येतंय. त्याच रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, उजव्या मूत्रपिंडात बारीक खडा. पोटात कळ आली ती त्याची. आणि आमच्या घरातल्या सगळ्यांनी दुसरी ओळ वाचून मला वनवासाला पाठवलं. डॉक्टरबाई कशा म्हणाल्या, "पाणी भरपूर पी आणि आईला सांग, बीजकोशांना औषध नको, ते आपापलं काम करतायत. पाळी कधी लांबायला लागली तर ये." रक्ताचे रिपोर्टही काल आले, सगळे चांगले.

आता अमोलचं ऐक. मंगळवारी छाटणी चालू होती तेव्हा त्याची मोटारसायकल बांधावर. मला वाटलं, साखरपुड्याची अंगठी परत मागायला आला. खिशातून कागद काढला, घराचा नकाशा. म्हणाला, "चार दिवस हेच बघत होतो. पूर्वेची खोली काढून टाकली. तिथे ओटा करू, आणि भिंतीला ही एवढी खिडकी. भात फुलला की आतून दिसेल. आपण दोघंच असलो तर एवढ्या खोल्या झाडायच्या कोणी? तू तर झाडणार नाहीस." बोलताना हाताने शेत दाखवत होता.

साक्षी, मी त्याला लगेच सांगितलं नाही. बोलू दिलं. खिडकीची उंची सांगू दिली, गजाचा रंग सांगू दिला. आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं मी. मग सांगितलं की मला काही झालेलंच नाही. तो आधी खाली बसला, मग माझ्यावर ओरडला, मग अण्णांच्या हातातली कात्री घेऊन दोन वेली छाटल्या, चुकीच्या. तारीख धरलीय. खिडकी मात्र ठेवायची असं मी सांगितलंय.

आता तुझ्याकडे येते. डॉक्टरबाई मला प्रश्न विचारत होत्या आणि मान तुझी खाली जात होती. निघताना त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "गोळ्या परत बंद केल्यास ना?" मी पर्स शोधत होते, ऐकलं नाही असं तुला वाटलं. ऐकलं मी. होस्टेलमध्ये तू दर आठवड्याला बाथरूमची कडी लावून आरसा घेऊन बसायचीस. थायरॉइडच्या म्हणून गोळ्या घ्यायचीस. "आपल्यासारख्या मुलींनी" असं लिहिलं होतंस. आपल्यासारख्या म्हणजे कोण?

वैशू


सुरगाणा
१६ ऑक्टोबर

वैशू,

पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि मुलींच्या वह्या तपासून उठले. रोज तसंच. आज लिहिते.

मला आहे. खरंखुरं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. वर्षाकाठी तीन-चारदा पाळी, हनुवटीवर केस, रक्तात हार्मोन वाढलेले. आणि गंमत बघ, माझी सोनोग्राफी साफ होती! बीजकोश अगदी नेहमीसारखे. तुझं फोटोत दिसलं आणि आजार नव्हता, माझं फोटोत दिसलं नाही आणि आजार होता. तीनातले पहिले दोन माझ्याकडे, तिसरा तुझ्याकडे. म्हणूनच तुझं पत्र वाचून माझी गाळण उडाली. मला वाटलं, माझ्यात दिसत नसून एवढं, तर वैशूच्यात दिसतंय म्हणजे केवढं असेल. आणि मी तुला माझंच औषध दिलं. बाजूला हो म्हणाले.

कारण मी झाले होते. सुनील म्हणून आहे, आमच्याच शाळेत गणित शिकवतो, पेठकडचा. दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलं, नदीवर मुलींना न्यायचो तेव्हा. मी नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हटलं, मनात नाही. तो आता माझ्याशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलतो. फार सभ्य आहे, त्याचाच राग येतो.

तुला काहीच झालेलं नव्हतं, तरी तू मांडवाखाली उभी राहून सगळं सांगितलंस. माझं खरं होतं आणि मी गप्प बसले. हेच सलतंय बघ.

परवा मलासुद्धा स्वप्न पडलं. तुझी ती करडी बाग. मी तिथे हजेरी घेत होते आणि कोणी "हजर" म्हणत नव्हतं.

साक्षी


पिंपळगाव बसवंत
२६ ऑक्टोबर

माझ्या शहाण्या बाई,

आधी भांडून घेते. तीन वर्षं एका खोलीत, एका तेलाच्या बाटलीत, आणि तू मला थायरॉइड सांगतेस? ये इकडे, तुझी वेणीच ओढते.

भांडून झालं. आता ऐक. काल मी एकटी नाशिकला गेले, त्याच डॉक्टरबाईंकडे. तुझं नाव घेतलं नाही, त्याही घेणार नाहीत. विचारलं, हा आजार खराच असेल तर मूल होतच नाही का? त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "कोण सांगतं हे तुम्हाला? बीज दर महिन्याला सुटत नाही म्हणून वेळ लागतो, कधी गोळ्या लागतात, पण बहुतेकींना होतं. काहींना तर काही न करता होतं. खरी काळजी वेगळीच. गोळ्या सोडायच्या नाहीत, पाळी महिनोन्‌महिने थांबू द्यायची नाही, साखर तपासत राहायची." आणि भात पूर्ण बंद करा असं त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही! तो तुझा स्वतःचा शोध होता. घोटीहून पाच किलो इंद्रायणी आलाय, पुंजाभाऊंकडे दिलाय, बेताने खा पण खा.

बागेत डोळे फुटलेत. छाटून उघड्या झालेल्या काड्यांवर गुलाबी कापूस आल्यासारखा दिसतो, सकाळी धुक्यात तर मला तिथून हलावंसंच वाटत नाही. वरच्या बागेत घड थोडे आहेत, पण आहेत. अण्णा सवयीने म्हणाले, "वांझ फुटी काढाया पायजेत." मी म्हटलं, तो शब्द आता या घरात नको. ते गांगरले. "मंग काय म्हनू?" म्हटलं, बिनघडाची फूट म्हणा. तेव्हापासून मजुरांसमोर अडखळतात बिचारे, "ती... बिनघडाची... ती काढा गं बायांनो." आई काल कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

सुनीलला आरशातलं सगळं सांग. लग्न कर म्हणून नव्हे. तू नाही म्हणालीस ते त्याला नाही, स्वतःला. त्याला निदान खरं कारण कळू दे. मग त्याने "बघतो" म्हटलं तरी घाबरू नकोस. काही लोक खरंच बघून येतात.

तुझी
वैशू


सुरगाणा
८ नोव्हेंबर

वैशू,

गोळ्या चालू केल्या. तांदूळ मिळाला. गेल्या शनिवारी मुली घरी गेल्या होत्या, सगळी शाळा रिकामी, मी चुलीवर भात लावला आणि त्याचा वास व्हरांड्यात पसरला. सुनील कार्यालयातून वेळापत्रक घेऊन आला होता. दारातच थांबला. म्हणाला, "कसला तांदूळ?" दोन वर्षांत वेळापत्रक सोडून त्याने विचारलेली ही पहिली गोष्ट.

मी म्हटलं, मैत्रिणीच्या सासरचा. आणि मग तुझं ते मांडवाखालचं ऊन आठवलं. म्हटलं, हेही स्वप्नच समजू, स्वप्नात बोललं तर काय बिघडतं. म्हणाले, "सुनील, नदीवर मी खोटं सांगितलं होतं."

पाळीपासून सुरुवात केली गं. हनुवटीपर्यंत आले आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. त्याने वेळापत्रक उंबऱ्यावर ठेवलं. म्हणाला, "एवढंच होतं?"

मला रागच आला. म्हटलं, "एवढंच नाहीये. खूप आहे. नीट समजून घ्यावं लागेल, गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, हो-नाहीची हमी कशाचीच नाही. वेळ असेल तर बस, सगळं सांगते."

तो चपला काढून आत आला आणि बसला.

साक्षी